पिचिंगचा मंच, गुंतवणूकदाराचा पैसा आणि आपण

गेल्या काही वर्षांत आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नव्या प्रकारची पोस्टर फिरू लागली आहेत. करिअर मार्गदर्शन, स्पर्धा परीक्षा, गुणवंतांचा सत्कार यांच्या जोडीला आता ‘स्टार्टअप मीट’, ‘इन्व्हेस्टर कनेक्ट’, ‘पिच डे’ आले आहेत. हॉटेलचे सभागृह किंवा कॉलेजचे ऑडिटोरियम, मंचावर एकामागून एक येणारे दहा-पंधरा तरुण उद्योजक, पहिल्या रांगेत गुंतवणूकदार आणि प्रत्येकाला पाच मिनिटे. आपली मुले-मुलीही आता या मंचावर दिसू लागली आहेत, याचा आनंद आहेच. पण या मंचावरून काय मिळते, काय मिळत नाही आणि बदल्यात काय द्यावे लागते, याविषयी आपल्यात मोकळेपणाने बोलले जात नाही. कार्यक्रम संपतो, फोटो येतात, ‘माशाअल्लाह’चे मेसेज येतात आणि विषय तिथेच थांबतो.

आधी हे कार्यक्रम हवेतच कशासाठी, ते पाहू. पैसा ओळखीच्या वाटेने चालतो. गुंतवणूकदाराच्या ईमेलवर प्रस्तावांचा ढीग पडलेला असतो. त्यातला तो उघडतो बहुधा ओळखीच्या माणसाने पाठवलेला. कुणाला आयआयटीतला वर्गमित्र असतो, कुणाला जुन्या कंपनीतला साहेब, कुणाला वडिलांचे स्नेही. ज्यांना असे कुणी नसते त्यांच्यासाठीच असे मंच सुरू झाले. १९९२ साली सिलिकॉन व्हॅलीत भारतीय उपखंडातून गेलेल्या उद्योजकांनी ‘टाय’ ही संस्था काढली ती याच गरजेतून. परक्या देशात त्यांना कुणी ओळखत नव्हते, म्हणून पुढे गेलेल्यांनी मागून येणाऱ्यांची ओळख करून द्यायची. भारतात २००६ साली ‘मुंबई एंजल्स’ आणि ‘इंडियन एंजल नेटवर्क’ उभे राहिले.

त्याच २००६ साली सच्चर समितीचा अहवाल आला. मुस्लिम समाजात स्वयंरोजगाराचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे आणि बँकांकडून मिळणाऱ्या कर्जातला वाटा मात्र कमी आहे, असे त्यात नोंदवले आहे. काही बँकांनी मुस्लिम वस्त्यांचे भाग ‘निगेटिव्ह’ ठरवून टाकल्याचाही उल्लेख आहे. म्हणजे धंदा करण्याची सवय आपल्या घरात पिढ्यान्‌पिढ्या आहे. धंदा वाढवायला लागणारे भांडवल आणि ते भांडवल असलेल्या माणसांची ओळख, या दोन गोष्टी नाहीत. मालेगाव, भिवंडीच्या यंत्रमागावर किंवा धारावीच्या चामड्याच्या कारखान्यात वाढलेल्या मुलाला माल, मजूर, उधारी, वसुली हे सगळे कळते. त्याला ‘टर्म शीट’ हा शब्द माहीत नसतो, एवढेच. पिचिंगच्या कार्यक्रमात एका दुपारी दहा गुंतवणूकदार समोर बसतात, आणि त्यांच्यापर्यंत पोहोचायला कुणाची चिठ्ठी लागत नाही. म्हणून आपण तिथे जायलाच हवे, असे आमचे स्पष्ट मत आहे. फक्त कशासाठी जातो आहोत हे ठाऊक असावे.

टीव्हीने या बाबतीत थोडा घोटाळा केला आहे. २००१ साली जपानमध्ये सुरू झालेल्या कार्यक्रमाची कल्पना फिरत फिरत डिसेंबर २०२१ मध्ये ‘शार्क टँक इंडिया’ म्हणून आपल्याकडे आली आणि घराघरांत ‘इक्विटी’, ‘व्हॅल्युएशन’ हे शब्द पोहोचले. हा त्याचा मोठा फायदा. पण पाहणाऱ्याला वाटते की हस्तांदोलन झाले म्हणजे चेक मिळाला. प्रत्यक्षात तिथून खरे काम सुरू होते. गुंतवणूकदार हिशेब तपासतो, जीएसटीची विवरणे, बँकेची खाती, करार, ट्रेडमार्क कुणाच्या नावावर आहे ते पाहतो. त्यात काही महिने जातात आणि मंचावर ठरलेले कित्येक व्यवहार या तपासणीत अडकतात किंवा मोडतात.

दुसरा घोटाळा क्रमाचा आहे. अमेरिकेतल्या ‘वाय कॉम्बिनेटर’चा ‘डेमो डे’ जगभर नकलला जातो. २००५ साली सुरू झालेल्या या संस्थेत आधी निवड होते, संस्था स्वतःचे पैसे घालते, मग साधारण तीन महिने त्या टीमकडून काम करून घेतले जाते आणि अगदी शेवटी गुंतवणूकदारांसमोर उभे केले जाते. आपल्याकडच्या बऱ्याच कार्यक्रमांत नेमका हा शेवटचा दिवस तेवढा उचलला आहे. आधीचे तीन महिने गाळले. त्यामुळे मुलगा येतो, घाबरत इंग्रजीत पाच मिनिटे बोलतो, परीक्षक दोन प्रश्न विचारतात आणि तो स्मृतिचिन्ह घेऊन घरी जातो.

आता मूळ मुद्दा. मंचासमोर बसलेल्या गुंतवणूकदाराला कसला धंदा हवा असतो? तो दहा-वीस कंपन्यांत पैसे घालतो तेव्हा त्यातल्या बहुतेक बुडणार हे गृहीत धरूनच घालतो. एक-दोन कंपन्यांनी पैसे वीसपट, पन्नासपट केले तर बाकीचे नुकसान भरून निघते. म्हणून त्याला प्रत्येक प्रस्तावात एकच प्रश्न पडलेला असतो: हे पाच-सात वर्षांत प्रचंड मोठे होऊ शकेल का, आणि मला माझा हिस्सा विकून बाहेर पडता येईल का? तुमची बेकरी महिन्याला दोन लाख नफा देते, दहा माणसांना रोजगार देते, तिसरी पिढी चालवते आहे, हे ऐकून तो मनापासून कौतुक करील आणि पैसे देणार नाही. बेकरी चांगली आहे. त्याच्या हिशेबात बसत नाही. हा नकार धंद्याच्या किमतीवरचा शेरा मानून कुणी खचू नये. उलट अशा धंद्यावर गुंतवणूकदाराचा पैसा घेतला तर तोच त्याच्या गळ्याशी येतो, कारण सावकाश आणि नीट वाढणारा व्यवसाय मग दरवर्षी तिप्पट करून दाखवावा लागतो.

यंत्रमागवाल्याला बहुधा भागभांडवलाची गरजच नसते. त्याला वेळेवर पैसे देणारा ग्राहक हवा असतो. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यात माल घेणाऱ्याने जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे चुकते करावेत अशी तरतूद आहे. त्यासाठी आपली ‘उद्यम’ नोंदणी असावी लागते, बिल पक्के असावे लागते. आपल्या किती कारखानदारांनी ही नोंदणी केली आहे आणि किती जण अजून वहीच्या पानावर माल देतात? पिचिंगच्या कार्यक्रमाइतकीच गर्दी एखाद्या दिवशी या नोंदणीच्या टेबलाभोवती व्हायला हवी. पण तिथे फोटो चांगले येत नाहीत.

मग या मंचावर कुणी जावे? ज्याच्या कल्पनेला वाढायला मोठा बाजार आहे, ज्याला सुरुवातीची दोन-तीन वर्षे नफ्याविना तग धरावी लागणार आहे आणि जो आपल्या कंपनीत दुसऱ्याचा हिस्सा आणि दुसऱ्याचा शब्द मान्य करायला तयार आहे, त्याने. सॉफ्टवेअर, आरोग्य उपकरणे, शेतीमालाची साठवण, शिक्षण, वाहतूक यांत अशा कल्पना सुचलेली आपली मुले आहेत. त्यांच्यासाठी पुढचे लिहितो आहोत.

आपल्यातल्या अनेकांना या पैशाचे आकर्षण आणखी एका कारणाने वाटते. बँकेचे कर्ज म्हणजे व्याज. ते टाळायचे तर भागीदारीतले भांडवल हाच रस्ता उरतो. हा विचार रास्त आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात, आणि तोटा झाला तर भांडवल देणाऱ्याचे भांडवल बुडते व मेहनत करणाऱ्याची मेहनत, ही मुदारबाची रीत आपल्याला नवी नाही. हजरत खदीजा यांच्या मालाचा व्यापार प्रेषितांनी केला, ती हकिकत आपण लहानपणापासून ऐकतो. पण कागदावर ‘इक्विटी’ लिहिले म्हणजे आतला व्यवहार आपोआप त्या रीतीचा झाला, असे समजू नका. करार वाचावा लागतो.

एक साधा हिशेब करू. तुम्ही ५० लाख रुपये घेतले आणि १० टक्के हिस्सा दिला, म्हणजे कंपनीची किंमत ५ कोटी धरली. पुढे धंदा मनासारखा चालला नाही आणि कंपनी ६० लाखांना विकावी लागली. १० टक्क्यांप्रमाणे गुंतवणूकदाराला ६ लाख मिळतील असे तुम्हाला वाटेल. करारात ‘लिक्विडेशन प्रेफरन्स’ नावाचे कलम असेल, आणि ते बहुधा असतेच, तर तो आधी आपले ५० लाख उचलतो आणि उरलेल्या १० लाखांत तुम्ही, तुमचा भागीदार आणि हिस्सा दिलेले कर्मचारी. गुंतवणूकदाराच्या बाजूने पाहिले तर यात काही गैर नाही, त्याने जोखीम घेतली आहे. पण हे तुम्हाला सही करण्यापूर्वी कळले पाहिजे. आणखी पुढचे कलम म्हणजे ‘बायबॅक’: अमुक वर्षांत बाहेर पडायचा रस्ता मिळाला नाही तर संस्थापकाने ठरलेल्या परताव्यासह शेअर परत विकत घ्यायचे. परतावा ठरलेला, मुदत ठरलेली, जबाबदारी तुमच्या अंगावर. याला शेअर म्हणा की आणखी काही, वागतो तो कर्जासारखा. ‘कन्व्हर्टिबल नोट’मध्ये तर अनेकदा व्याजाचा दर उघड लिहिलेला असतो. ही कलमे बदलून मागता येतात. मागितली म्हणून कुणी हाकलून देत नाही. यातले काय चालते आणि काय नाही यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, म्हणून इंग्रजी करार वाचू शकणारा आलिम आणि स्टार्टअपचे काम केलेला वकील, दोघांनाही कागद दाखवा. वकिलाची फी वाचवण्याची ही जागा नव्हे.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती जास्त दुखरी आहे. समाजात पैसा नाही असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. २०१९ च्या जूनमध्ये बंगळुरूची ‘आय मॉनेटरी ॲडव्हायझरी’, म्हणजे ‘आयएमए’, कोसळली तेव्हा रांगा लावून तक्रारी देणाऱ्या हजारो कुटुंबांत बहुसंख्य मुस्लिम होती. कुणाचे निवृत्तीचे पैसे, कुणी मुलीच्या लग्नाचे दागिने मोडलेले. त्याच्या आदल्या वर्षी हैदराबादच्या ‘हीरा गोल्ड’चे प्रकरण उघडकीस आले होते. दोन्हीकडे भाषा हलाल नफ्याची होती. ‘आयएमए’त तर पैसे देणाऱ्यांना ठेवीदार न म्हणता भागीदार म्हणून कागदावर दाखवले जात होते. म्हणजे व्याज नको म्हणून भागीदारी शोधणाऱ्या साध्या माणसाकडे पैसे होते, नियतही होती; ताळेबंद मागण्याची सवय तेवढी नव्हती.

आज जो तरुण नातेवाईक, दोस्त आणि मोहल्ल्यातल्या चार बुजुर्गांसमोर ‘माझ्या स्टार्टअपमध्ये पैसे घाला’ म्हणून उभा राहतो, त्याच्या मागे ही आठवण उभी असते. त्याने ती विसरू नये. कायदाही इथे स्पष्ट आहे. खासगी कंपनीला शेअर द्यायचे तर २०१३ च्या कंपनी कायद्याच्या ४२व्या कलमाप्रमाणे ठरावीक लोकांनाच, नावानिशी, लेखी प्रस्ताव देऊन द्यावे लागतात. एका आर्थिक वर्षात २०० पेक्षा जास्त जणांना असा प्रस्ताव देता येत नाही आणि त्याची जाहिरात करता येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘दहा हजारांपासून गुंतवा, दरमहा नफा मिळवा’ असा मेसेज टाकणे म्हणजे या कायद्याच्या बाहेर पाऊल. आणि दरमहा ठरलेला नफा देण्याचे वचन जो देतो, त्याच्या कार्यक्रमातून उठून यावे, मग मंचावर कितीही मोठी व्यक्ती बसलेली असो.

प्रत्यक्ष कार्यक्रमाबद्दल थोडे. आयोजक मंचावर येण्यासाठी मोठी फी मागत असेल तर सावध व्हा. जेवणाखाण्याचे चार पैसे घेणे वेगळे. पण गुंतवणूकदार भेटवून देतो म्हणून हजारो रुपये घेणाऱ्याची कमाई तुमच्या फीमधून होते, तुमच्या यशातून होत नाही. पहिल्या रांगेतल्या माणसाला नम्रपणे विचारा, ‘गेल्या वर्षभरात आपण किती नव्या कंपन्यांत पैसे घातले, आणि साधारण किती?’ खरा गुंतवणूकदार या प्रश्नावर रागावत नाही. उत्तर गोलमोल आले तर ते पाहुणे आहेत असे समजा, सलाम करा आणि पुढे जा.

पाच मिनिटांत देशाची लोकसंख्या, बाजाराचा आकार, इंटरनेट वापरणाऱ्यांचे आकडे सांगत बसू नका. कुणाची कोणती अडचण आहे, ती तुम्ही कशी सोडवता, आजवर किती जणांनी खिशातून पैसे काढून तुमची वस्तू घेतली, त्यातले किती पुन्हा आले, एक ग्राहक मिळवायला किती खर्च येतो आणि मागितलेल्या पैशाचे नेमके काय करणार. ‘अजून फक्त चाळीस ग्राहक आहेत’ हे खरे वाक्य ‘लवकरच एक लाख होतील’ या वाक्यापेक्षा वजनदार असते. इंग्रजी अडखळत असेल तर हिंदीत बोला, मराठीत बोला. परभणीच्या शेतकऱ्याला किंवा मिरजेच्या रुग्णालयाला तुम्ही काय विकता, हे ज्या भाषेत विकता त्याच भाषेत सर्वांत चांगले सांगता येते.

खरे बोलणे मंचावर होत नाही, चहाच्या टेबलाशी होते. आणि इथेच आपल्यातले बरेच जण गळतात. कार्यक्रम रात्री आठला, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या हॉटेलात, नंतर ‘नेटवर्किंग’ म्हणजे हातात ग्लास घेऊन उभे राहणे. मुलींना घरून परवानगी मिळवण्यापासून सुरुवात. मुलांना तिथे कसे उभे राहावे हे कळत नाही. यावर उपाय अगदी साधा आहे. कार्यक्रमाच्या आधी अर्धा तास पोहोचा, दोन माणसे हेरून ठेवा, त्यांना दुसऱ्या दिवशीची पंधरा मिनिटे मागा. रात्रीच्या पार्टीत जे तीन तासांत होत नाही ते ऑफिसातल्या त्या पंधरा मिनिटांत होते.

नावाचा प्रश्नही आहे, तो टाळून चालणार नाही. घर भाड्याने घेताना नाव ऐकून चेहरे बदलतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला गुंतवणूकदाराच्या नकारातही तेच दिसणे स्वाभाविक आहे. कधी ते खरेही असेल. पण या मंचावर बहुतेकांना नकारच मिळतो, नाव काहीही असो. म्हणून नकार मिळाला की कारण विचारा. ‘ग्राहक कमी आहेत’, ‘टीममध्ये तांत्रिक माणूस नाही’ असे ठोस उत्तर मिळाले तर सहा महिन्यांनी तेच आकडे सुधारून पुन्हा त्याच माणसाकडे जा. ज्याच्याकडे सांगण्यासारखे कारणच नाही, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

मंचावर जाण्याआधी एक काम मात्र घरीच उरका. दोन-तीन दोस्त मिळून धंदा काढतात, सगळे तोंडी असते. ‘अपना ही भाई है’ म्हणून कागद होत नाही. कुरआनातली सर्वांत लांब आयत देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदारांविषयी आहे, हे आपल्याला कुणी नव्याने सांगायला नको. कुणाचा किती हिस्सा, कोण काय काम करणार, आणि एखादा वर्षभरात नोकरी मिळाली म्हणून सोडून गेला तर त्याच्या हिश्शाचे काय, हे लिहा. सर्वसाधारण पद्धत अशी की हिस्सा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळतो आणि पहिले वर्ष पूर्ण केल्याशिवाय काहीच मिळत नाही. गुंतवणूकदार हा कागद मागतोच. तो नसल्यामुळे दोस्ती आणि कंपनी दोन्ही गमावलेले लोक आपल्या आसपास शोधावे लागत नाहीत.

शेवटी आयोजकांसाठी, कारण असे कार्यक्रम आता आपल्या संस्था, आपले व्यापारी मंडळही घेऊ लागले आहेत. महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटीने २०१८ पासून ‘महाराष्ट्र स्टार्टअप सप्ताह’ सुरू केला, त्यातली एक गोष्ट उचलण्यासारखी आहे. तिथे निवडलेल्या स्टार्टअपना बक्षीस म्हणून शासकीय विभागात प्रत्यक्ष काम करून दाखवण्यासाठी १५ लाख रुपयांपर्यंतचे कार्यादेश दिले गेले. ट्रॉफीऐवजी ऑर्डर. नवख्या कंपनीला पहिला मोठा ग्राहक मिळाला की पुढचा गुंतवणूकदार आपोआप ऐकू लागतो. आपल्याकडे मोठी रुग्णालये, शाळा-कॉलेज चालवणारे ट्रस्ट, बिल्डर, निर्यातदार, हॉटेलमालक आहेत. त्यांना मंचावर हार घालण्यासाठी बोलावतो. त्याऐवजी खरेदीदार म्हणून पहिल्या रांगेत बसवा. प्रत्येकाने एका स्टार्टअपकडून तीन महिन्यांसाठी काहीतरी विकत घेऊन पाहायचे, एवढेच ठरवा. कार्यक्रम दिवसा घ्या, जुम्याची आणि नमाजची वेळ सोडून घ्या, मुलींना येता येईल अशा ठिकाणी घ्या. पिच करणाऱ्यांना दोन महिने आधी निवडा आणि एखाद्या सीएकडून त्यांचे हिशेब लावून घ्या. आणि वर्षभराने, पुढच्या कार्यक्रमाच्या पोस्टरवर पाहुण्यांच्या फोटोंखाली थोडी जागा सोडून छापा: मागच्या वेळी किती जण मंचावर आले होते, त्यातल्या किती जणांना गुंतवणूक मिळाली, किती जणांना ऑर्डर मिळाली आणि किती जणांचा धंदा आज सुरू आहे.